रीगलचा अर्थ

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. वणीला मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो. एप्रिलचं ऊन, पुढ्यात वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे, डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात जवळच्या बंजारा तांड्यावरचा एक शेतकरी दारात आला. त्याची मुलगी नागपूरला नर्सचं शिक्षण घेत होती. तांड्यातून इतकी शिकणारी पहिलीच. तिच्या मेट्रनचा इंग्रजी कागद आला होता.

"काय लिहिलं हाये जी, मास्तर?"

कार्बनची पुसट प्रत होती. मुलगी कष्टाळू आहे, एवढं मी सांगितलं. पुढच्या ओळीत तिच्या वागण्याबद्दल काहीतरी होतं. त्यातला शब्द मी 'लीगल' असा वाचला. वाक्याचा मेळ बसेना, पण पुन्हा वाचायचं त्राण नव्हतं.

"तिच्या वागण्यावरून कायद्याचं काहीतरी आहे."

"पोलिसाचं हाये काय?"

"असेल," म्हणालो आणि पुढचा पेपर ओढला.

तो गेला. कागद माझ्याच टेबलावर राहिला. संध्याकाळी नीट पाहिला, तर शब्द होता 'रीगल'. डिक्शनरी काढली. राजाचा, राजाला शोभेल असा, मूळ लॅटिन. मुलीची चालढाल राजघराण्यातली वाटते, असं मेट्रननं कौतुकानं लिहिलं होतं.

तशीच सायकल काढली. तांड्यावर त्याची बायको रडत बसली होती. "ते तं दुपारच्याच मोटारीनं नागपूरले गेले."

तिसऱ्या दिवशी तो मुलीला ट्रंकेसकट घेऊन आला. चूक माझी, हे मी दोघांसमोर सांगितलं. त्यानं ट्रंक खाली ठेवली.

"दोन दिवस हे सांगून राह्यली, मी काही केलं नाही म्हणून. मी आयकलंच नाही, मेट्रनले विचारलं बी नाही."

मुलीनं विचारलं, "सर, मंग त्या शब्दाचा अर्थ काय?"

मी सांगितला. ती थकल्यासारखी हसली. "राजाचं कायचं, सर? दिवसभर उभं राहून पाठ धरते. वाकलं का जास्त दुखते, म्हणून ताठ चालतो."

मेट्रनला मी माफीचं पत्र लिहिलं. तिनं मुलीला परत घेतलं. पुढे ती नर्स झाली. तिचा बाप मात्र नंतरचे कागद पोस्टमास्तरांकडून वाचून घ्यायचा. रस्त्यात भेटला की रामराम करायचा, थांबायचा नाही.