बांधाकडचा कोपरा

तुळजाबाईला रिकामी जागा बघवत नसे. पंगतीत एक पान रिकामं असलं तरी ती कुणाला तरी हाक मारून बसवायची. शेतातही तसंच. तलवाड्याच्या शिवारात तिच्या कापसाच्या ओळीला मधे कुठे खंड नसायचा. जिथे बी उगवलं नाही, तिथे ती बोटाने माती उकरून दुसरं बी टोकायची. याला नांग्या भरणं म्हणतात. सगळेच शेतकरी भरतात. तुळजाबाईसारख्या कुणी भरत नसे.

"दात पडलेलं तोंड अन् नांग्या पडलेलं रान," ती म्हणायची, "लोक दोन्हीला हसत्यात."

नवरा बद्रीनाथ लवकर गेला. तेव्हापासून पेरणं, खुरपणं, वेचणं तिच्याच अंगावर पडलं. धाकटी स्वप्नाली बीडला शेतकी कॉलेजात शिकत होती, वसतिगृहावर राहत होती. थोरला अंगद परळीला वीज केंद्रातली राख वाहणारा टिप्पर चालवायचा. रविवारी घरी यायचा. कितीही अंघोळ केली तरी त्याच्या पापण्यांच्या मुळाशी राख उरायची. बोलता बोलता तो खोकायचा, आणि खोकल्यावर काही झालंच नाही असं दाखवत पुढे बोलायचा.

उन्हाळ्यात तो म्हणाला होता, "माय, औंदा कापूस नीट आला तर टिप्पर सोडतो. घरीच राहतो."

तुळजाबाईने चुलीत उगीच एक लाकूड सारलं. पण त्या वाक्यावर ती सगळा पावसाळा जगत होती.

अडचण तणाची होती. खुरपायला बायका मिळत नव्हत्या. तुळजाबाईचे गुडघे गेले होते. उकिडवी बसली की उठताना दोन्ही हात टेकावे लागत. अंगदने त्यावर तोडगा काढला. त्याने चोर बीटी आणलं. या बियात असा एक गुण घातलेला असतो की वरून तणनाशक मारलं तर गवत जळतं आणि कापूस उभा राहतो. सरकारने त्याला परवानगी दिलेली नाही, म्हणून ते चोर. पाकिटावर नाव नाही, गाव नाही. तरी शिवारात बऱ्याच जणांनी तेच लावलं होतं. शेजारच्या कडूबाईच्या घरीही तेच होतं, फक्त दुसऱ्या माणसाकडून आणलेलं.

तुळजाबाईने बी तळहातावर घेऊन पाहिलं. "साध्यात अन् ह्याच्यात फरक काय रे?"

"आतून हाय फरक."

"आतलं कुणी बघितलंय?"

"तू काय सुनंचं आतलं बघून तिला घरात आणणार हायस का?"

"म्हणून तर आणली न्हाई अजून."

पेरणी झाली आणि अंगद परळीला गेला. मागून जोराचा पाऊस झाला. बांधाकडच्या कोपऱ्यात पाणी साचलं आणि तिथलं सगळं बी कुजलं. घरातलं पाकीट संपलं होतं. कडूबाईने तिच्याकडचं उरलेलं ओंजळभर बी दिलं. "घे तुळजे. न्हाईतर तुला झोप यायची न्हाई."

तुळजाबाईने तो कोपरा बसून, सरकत सरकत भरला. अंगदला तिने हे सांगितलं नाही. लपवायचं काही नव्हतं. भाकरी थापल्या हे कुणी फोन करून सांगतं का?

झाडं वाढली. मागून लावलेली आणि आधी लावलेली, फरक कळेनासा झाला. पानाला पान लागत आलं. खाली गवतही तेवढंच माजलं.

अंगद घाईचा माणूस नव्हता. तणनाशक एकदम सगळ्या रानावर मारायचं नाही, आधी एक कोपरा मारून बघायचा, ही शिवारातली रीत त्याने पाळली आणि एका रविवारी एकच कोपरा मारला. त्या दिवशी तुळजाबाई कडूबाईबरोबर कपिलधारला दर्शनाला गेली होती. पायऱ्यांनी तिचा गुडघा सुजला. आठवडाभर तिला घराबाहेर पडता आलं नाही. पुढच्या रविवारी अंगद पहाटेच रानात गेला. कोपऱ्यातलं गवत जळालं होतं. कापूस ताठ उभा होता. त्याने पंप पाठीला लावला आणि सगळं रान मारून काढलं.

दुपारी तुळजाबाई लंगडत भाकरी घेऊन आली. तो विहिरीवर पंप धूत होता. चेहरा खुललेला होता.

"झालं माय. आता खुरपं भंगारात दे."

"आधी बघितलंस ना मारून?"

"बघितलं की. बांधाकडचा कोपरा. लई भारी राहिला."

तुळजाबाईने भाकरीचं फडकं खाली ठेवलं. "बांधाकडचा?"

"हां. पाणी भरायला जवळ पडतो."

"तिथलं बी आपलं न्हाई, अंगद."

"म्हंजी?"

"आपलं कुजलं. मी कडूबाईच्या बियानं नांग्या भरल्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. "सगळ्या कोपऱ्यात?"

"एकूण एक," ती म्हणाली. एवढ्या वर्षांच्या सवयीने आवाजात जरा अभिमान आला. तो तिला स्वतःलाच ऐकू आला.

पंपातून पाणी ठिबकत होतं. अंगद म्हणाला, "आपलं बीसुद्धा खरं असंल की."

"असंल."

त्याने स्वप्नालीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, कधी मारलंस?"

"उजाडल्यापासून. आत्ता संपलं."

"मग गेलं आत. ऊन हाय ना तिकडं?"

"कडक."

ती सावकाश सांगू लागली. पान उन्हात साखर तयार करतं. ती साखर मुळाला जाते, शेंड्याला जाते. औषध तिच्याच बरोबर आतल्या आत फिरतं आणि झाडाला वाढीसाठी लागणारी एक वस्तू बनणं बंद पाडतं. बियात तो गुण असला तर झाडाचं काम चालू राहतं.

"अन् नसला तर?" अंगदने विचारलं.

"आठवडाभरात कळंल. शेंडे आधी पिवळे पडत्यात."

तुळजाबाई फोनकडे वाकली. "म्हंजी पान जितकं राबंल, तितकं ते आत जाईल?"

"हां, माय."

"अन् पान थांबवता येत न्हाई का?"

मग स्वप्नाली म्हणाली, "ऊन हाय तोवर कसं थांबंल?"

अंगदने तरीही पंपात नुसतं पाणी भरलं आणि ओळीओळीने पानं धुतली. उपयोग नाही हे त्याला कळत होतं. ती बांधावर बसून बघत होती. त्याला थांब म्हणणंही तिला जमलं नाही. संध्याकाळच्या गाडीने तो परळीला गेला.

तो सगळा आठवडा ऊन पडलं. कितीतरी दिवस ढगांत गेलेलं ऊन. रस्त्याने जाणारे म्हणत, "काय उघडीप दिली बघा, तुळजाबाई. कापूस आता झपाट्यानं वाढतो." ती मान हलवायची.

रोज ती बांधावर जाऊन बसायची. रान हिरवं होतं. पानं उन्हाकडे तोंड करून पसरली होती, कामाला लागली होती. आपल्या लेकराने पोटभर जेवावं आणि ताटात काय आहे ते फक्त आपल्याला ठाऊक असावं, तसं तिला होत होतं. एकदा तिने पदर पसरून एका झाडावर सावली धरली. हात भरून येईपर्यंत धरली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि पदर खांद्यावर घेतला. किती झाडांवर धरणार होती?

संध्याकाळी अंगदचा फोन यायचा. "काय म्हणतंय रान?"

"हिरवं हाय."

एका सकाळी शेंडे पिवळे दिसले. कोवळी पानं आधी, मग खालची. संध्याकाळी फोन आला.

"काय म्हणतंय?"

"हिरवं हाय," ती म्हणाली.

अंगद पलीकडे खोकला, मग "बरं," म्हणाला. त्याला कळलं, हे तिलाही कळलं.

रविवारी तो आला. सगळं रान फिकट पडून माना टाकून उभं होतं. फक्त बांधाकडचा कोपरा गर्द हिरवा होता. पात्या, म्हणजे बोंडाआधीच्या कळ्या, लागल्या होत्या. बी विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता. पाकिटावर नावच नाही, तर तक्रार कुणाच्या नावाने करायची? कडूबाई येऊन उभी राहिली. तिचं रान पलीकडे डुलत होतं, म्हणून ती लवकर निघून गेली.

अंगद कोपऱ्यात उभा राहून हसला. मग खोकला.

"माय, तुझ्या नांग्या तेवढ्या जगल्या बघ."

"मी सांगायला पाहिजे होतं."

"तुला काय ठाऊक, मी कुठं मारणार ते. मला काय ठाऊक, तू कुठं भरलं ते."

दुपारची गाडी यायची वेळ झाली. फाट्यापर्यंत ती त्याच्याबरोबर गेली. टिप्परचं कुणी काही बोललं नाही. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "तोंडाला रुमाल बांधत जा."

"बांधतो की."

"नीट बांध."

गाडी गेल्यावर ती घरात शिरली नाही. वळचणीचं खुरपं तेवढं काढून घेतलं आणि रानात आली. कोपऱ्यात गवताचे नवे कोंब फुटत होते. दोन्ही हात टेकून ती खाली बसली आणि सरकत सरकत खुरपू लागली. तोंड बांधाकडे होतं. सगळं रान पाठीमागे होतं.