ओट्याचा शॉट

रविवार, ८ फेब्रुवारी. जागा: कोथरूड, मैत्रिणीचा हॉल, पडदे ओढलेले. हजर: मैत्रीण (एरवी बँकेत, सुट्टीच्या दिवशी दिग्दर्शक), वाघोलीहून दुचाकीवर आलेला आमचा एडिटर (मूळचा अमरावतीकडचा, नोकरी आयटीत), संगीत देणारे डॉक्टर (दातांचे, सोबत हार्मोनियम) आणि मी. माझ्याकडे व्यवस्था, म्हणजे परवानग्या, डबे, एक्स्टेंशन बोर्ड आणि कामांची यादी. गैरहजर: मावशी. त्यांना मुद्दामच बोलावलं नव्हतं.

मावशी म्हणजे मैत्रिणीची सख्खी मावशी आणि आमच्या लघुपटाची नायिका. टेलिफोन खात्यातून निवृत्त, अभिनयाचा अनुभव शून्य. त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करायच्या आधी तिथेच शूटिंग करू द्या, असं आम्ही विचारलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. "माझा ओटा दिसला पाहिजे. अख्खा. गॅसपासून खिडकीपर्यंत." गोष्टही तशीच होती: एक बाई आपलं घर सोडते, तो दिवस.

अख्खा ओटा एकाच शॉटमध्ये होता, शेवटच्या. कॅमेरा गॅसपासून निघतो, ओट्यावरून हळूहळू सरकत खिडकीपाशी पोचतो. तिथे मावशी स्टुलावर बसलेल्या. त्यांनी गप्प बसून बाहेर बघायचं, एवढंच. पहिल्या टेकला कॅमेऱ्याची सावली आली. दुसऱ्याला वीज गेली. तिसरा अप्रतिम झाला. फक्त कॅमेरा खिडकीशी पोचला तसं मावशींनी मान वळवली, कॅमेरा धरून वाकलेल्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दमलात ना? बसा, चहा टाकते."

त्यांचं घर, त्यांचा ओटा, समोर घामाघूम झालेली माणसं. दुसरं काय म्हणणार? आम्ही सगळे हसलो, चहा प्यायलो, तेवढ्यात उजेड गेला. आणि आता ती इमारतच उभी नाही.

तर त्या रविवारच्या यादीत पहिलं काम हे होतं. एडिटरने तो शॉट पुन्हा पुन्हा चालवून बघितला. आवाज बंद केला तर ओठ हलताना दिसतात. वेग कमी केला तर मावशी झोपेत बोलल्यासारख्या वाटतात. शेवटी तो खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "ताई, हे कापाच लागते." कापलं की खिडकी जाते, आणि खिडकीआधीचा ओट्याचा शेवटचा तुकडाही, जिथे मावशींच्या बरण्या उभ्या होत्या. अख्खा ओटा दाखवायचा शब्द मावशीला मैत्रिणीने दिला होता.

डॉक्टरांनी सुचवलं की वर संगीत घालून बघू. त्यांनी एक संथ, जड सुरावट बांधून आणली होती. ती शॉटवर वाजवत असतानाच बेल वाजली. दारात मावशी. येरवड्याला भाड्याच्या घरी राहतात, तिथून रिक्षाने आल्या होत्या, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. आज काम आहे हे त्यांना कोणी सांगितलं, ते अजून कळलेलं नाही. माझा संशय डॉक्टरांवर आहे. मावशींच्या कवळीचं काम त्यांच्याकडेच चालू आहे.

मावशी बसल्या, सुरावट शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "अहो डॉक्टर, मी जिवंत आहे. फक्त घर बदललंय."

डॉक्टरांनी भाता मिटला. मग लपवण्यात अर्थ नव्हता. मैत्रिणीने त्यांना कापलेला शॉट दाखवला. त्यांनी बघितला आणि विचारलं, खिडकी कुठाय? मग न कापलेला दाखवला. स्वतःला चहा विचारताना बघून त्या खुदकन हसल्या, पण लगेच सरळ होऊन म्हणाल्या, "मग? माणसं घरात राबतायत आणि विचारायचं नाही? तूच सांग."

हे त्या भाचीला म्हणाल्या, पण एडिटर एकदम पुढे वाकला. आधीच्या सीनमध्ये सामान हलवणारे दोघे कपाट उचलून नेतात. त्यांच्या पावलांचा आणि धापा टाकण्याचा आवाज त्याने उचलला आणि पुढे ओट्याच्या शॉटवर ओढून आणला. मग सगळं पुन्हा चालवलं. कॅमेरा ओट्यावरून सरकतोय, मागे पावलं जवळ येतायत, बरण्या, खिडकी, मावशी मान वळवतात. "दमलात ना? बसा, चहा टाकते."

घर रिकामं करायला आलेल्या माणसांना ती बाई चहा विचारत होती. आमच्या पटकथेत यापेक्षा चांगला शेवट नव्हता. मैत्रिणीने डोळे पुसले आणि वडीचा डबा उघडला, दोन्ही एकाच वेळी.

त्यानंतर कामं भराभर उरकली. डॉक्टरांनी तीच सुरावट दुप्पट लयीत वाजवली, तर ती चक्क आनंदी निघाली. ती नामावलीवर घ्यायची ठरली. चहाचं वाक्य ट्रेलरमध्ये घ्यावं असं मैत्रिणीचं म्हणणं. मी म्हटलं, मग सिनेमा कशाला बघायचा कोणी? जरा धुसफूस झाली, मी जिंकले. ट्रेलरला संगीतच नाही: नळ, बरण्यांची झाकणं, फोडणी, आणि शेवटी दारातून तिरकं होत बाहेर जाणारं कपाट.

निघायच्या बेतात होतो तेव्हा मावशींनी विचारलं, "चहा टाकते म्हणाले, आणि पातेलं ठेवल्याचा आवाज नाही?"

बरोबर होतं. त्या वाक्यानंतर, संगीत सुरू व्हायच्या आधी, पातेलं ओट्यावर टेकल्याचा आवाज हवा. मैत्रिणीच्या घरातलं पातेलं आपटून बघितलं. मावशींनी मान हलवली. त्यांचं पितळेचं, जाड बुडाचं. ते असं वाजत नाही. डॉक्टरांनाही ते पटलं.

ते पातेलं येरवड्याला बाल्कनीत, न उघडलेल्या खोक्यांपैकी एकात आहे. खोकी मीच भरून घेतली होती आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात "स्वयंपाकघर" लिहिलं होतं. सगळ्यांवर.

यादीत बाकी एकच: खोकी उघडणे, पातेलं शोधणे, आवाज रेकॉर्ड करणे.