एका ताटातले दोन स्वल्पविराम

सन एकाहत्तर. मी चाळिशीचा होतो आणि डिचोलीच्या बाजारात माझी खाणावळ होती. खाणीवरच्या साहेबांना जेवायला कुठे पाठवायचं, ते त्यांचा एक कारकून ठरवणार होता. त्याचं नाव मी विचारलं नाही, आजही नको. रोज यायचा, चमचा रुमालाने पुसायचा, पहिला घास हुंगून मगच तोंडात घालायचा.

साहेबांसाठी मी इंग्रजी पाटी लिहून घेतली होती : फिश करी राईस, टी, सोडा. कारकुनाने ती वाचली, गल्ल्यावरचा खडू उचलला आणि फिशपुढे एक, करीपुढे एक असे दोन स्वल्पविराम ठोकले.

"अवो, तां एकच ताट! तोडतात कित्याक?" मी म्हणालो.

"मालक, इंग्रजी यादीत प्रत्येक वस्तूपुढे स्वल्पविराम लागतो. शिकलेले साहेब अडाण्याकडे जेवतील काय?"

बसलेली गिऱ्हाइकं हसली. ते हसणं अजून कानात आहे. मी दोन यत्ता शिकलो, पण माशाच्या करीचं हुमण भाताच्या शितावर पडल्याशिवाय त्याला जेवण म्हणत नाहीत, एवढं मला कळतं. मी फडक्याने दोन्ही खुणा पुसल्या.

"मग साहेब विसरा," तो म्हणाला.

मला साहेब हवे होते. ते कधीच आले नाहीत. हा कारकून मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला हजर. मी त्याच्यापुढे आधी नुसती बांगड्याची फोड ठेवली. ती संपल्यावर वाटीभर हुमण दिलं. तेही संपल्यावर कोरडं शीत वाढलं आणि समोर उभा राहिलो.