शिवू नको, पीठ लागंल

सुनंदाने पर्समधून राजीनाम्याचा कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मी काही तिची साहेब नव्हे. तळेगावातल्या एका दवाखान्यात मी डाएटिशियन होते, म्हणजे काय खाऊ नका ते सांगून पगार घेणारी बाई.

"म्याडम, तुमी एकदा वाचा. मंग कंपनीत देते."

सुनंदा उर्से गावची. नवलाख उंबरे गावाजवळ बिस्किटांच्या कारखान्यात मैद्याच्या मिक्सिंगवर कामाला. तिच्या सहा वर्षांच्या स्वराला सिलिअ‍ॅक नावाचा आजार निघाला होता. सोपं करून सांगते. गहू, मैदा, रवा, जव यांत ग्लुटेन नावाचं प्रोटीन असतं. तुम्हाआम्हाला ते पचतं. सिलिअ‍ॅकच्या पेशंटचं शरीर मात्र ते पोटात गेलं की स्वतःच्याच आतड्यावर उठतं. उपाय एकच, हे सगळं जन्मभर बंद.

बंद करून नऊ महिने झाले होते. तरी पोरीचं पोट फुगलेलं, जुलाब चालूच, वजन जिथल्या तिथे. टीटीजी म्हणून रक्ताची एक टेस्ट असते. पथ्य पाळलं की तिचा आकडा हळूहळू उतरतो. हिचा जागचा हलत नव्हता.

"उतरंल कसा?" शेजारी बसलेल्या सासूबाई, हौसाबाई, म्हणाल्या. "आई दिसभर मैद्यात लोळती. त्योच हात पोरीला लागतो. मोबाइलवर दावलंय, कातडीतनं आत जातं म्हून."

मोबाइलवर दाखवलंय म्हटल्यावर माझी तीस वर्षांची नोकरी काय कामाची!

हौसाबाईंनी घरात चक्क सोवळं लावलं होतं. सुनेने कामावरून आल्याबरोबर अंघोळ करायची. पोरीचं ताट, पेला, उशी वेगळी. साबण बदलला, क्रीम फेकलं. वेणी आजीच घालणार. आणि आईजवळ झोपायचं नाही. असे चार महिने.

"परवा ती पडली," सुनंदा खाली बघत म्हणाली. "गुडघा फुटला. रडत माज्याकडं पळत आली आन् मदीच थांबली. म्हनली, आई, तुला पीठ लागलंय का?"

मला भडभडून आलं, आणि रागही आला. तेवढ्यात आमचे बालरोगतज्ज्ञ दारातून डोकावले.

"मॅडम, डाएट चार्ट नीट समजावला होतात ना?"

"लॅमिनेट करून दिलाय, सर."

ते गेल्यावर मी हौसाबाईंकडे वळले. "ऐका. कातडीतून ग्लुटेन आतड्यापर्यंत जात नाही. ते तोंडातून पोटात गेलं तरच त्रास. पिठाचा हात घासाला लागला, तर धोका. म्हणून पिठाचे कपडे बदलायचे, साबणाने हात धुवायचे, आणि मग लेकीला खुशाल मांडीवर घ्यायचं."

"मंग रिपोट का उतरंना?"

बाई बिनतोड बोलली. मी माझा चार्ट पुढे ओढला. सोया सॉस, पास्ता, नूडल्स, पिझ्झा. उर्सेच्या हौसाबाईंना मी सोया सॉस बंद केला होता, आणि ते पथ्य त्यांनी कसोशीने पाळलंही होतं.

"बरं, पोरगी खाते काय?"

"तांदळाची भाकर. घरची इंद्रायनी. मी सोता थापती, हिला हात लावू देत न्हाई."

"पीठ?"

"गिरनीतनं मी सोता दळून आनती."

"नुसते तांदूळच नेता?"

"नुसतं कशाला? आदी गहू, त्येच्या मागनं तांदूळ. एका फेरीत व्हतं."

मी पेन खाली ठेवलं. गिरणीच्या दगडात आधीच्या दळणाचं पीठ राहतं आणि नंतरच्या धान्यात येतं. हे हौसाबाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बाजरीमागे गहू टाकला की पोळ्या काळपट होतात म्हणून त्या गिरणीवाल्याशी भांडत आल्या होत्या.

"गव्हाच्या मागून?" मी एवढंच विचारलं, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"आगं बया! म्हंजी मीच घालत व्हते व्हय पोरीच्या पोटात?"

"तुम्ही एकट्या नाही. गिरणीचं मी नऊ महिन्यांत विचारलंच नाही."

सुनंदाने राजीनामा उचलला, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये टाकला. मी असते तर आधी सासूची चांगली खरडपट्टी काढली असती.

त्या दिवसापासून तांदूळ घरी मिक्सरमध्ये दळले जाऊ लागले. दिवाळीला सुनंदाने घरघंटी आणली, फक्त तांदळासाठी. बिस्किटाच्या कंपनीच्या बोनसमधून! मीही चार्ट बदलला. सोया सॉस शेवटच्या ओळीत गेला. पहिल्या ओळीत आता प्रश्न आहे, दळण कुठून आणता?

पुढच्या तपासणीला टीटीजी निम्म्यावर आला होता. स्वरा आईच्या मांडीवर ऐसपैस पसरली होती. हौसाबाईंनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून तिच्यापुढे धरला.

"आज्जे, हात धुतलं का?"

हौसाबाई निमूट उठून बेसिनकडे गेल्या. त्यांच्यामागून, कोणी सांगितलं नव्हतं तरी, मीही माझे धुऊन घेतले.