केलगेरीच्या वाटेवरचा भारा

कॉलेजच्या फाटकावरून ओल्या गवताची गाडी गेली, की त्या वासानं माझं वाचनातलं लक्ष उडतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून चर्चच्या तरुण संघात सेवेवर बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. लिहायला बसलो, की ती म्हातारी आठवते.

तेव्हा मी शाळेत होतो. रविवारची उपासना आटोपून आम्ही मुलं केलगेरी या कानडी खेड्यात सुवार्ता सांगायला गेलो होतो. तळ्याकाठी गवताच्या भाऱ्याशेजारी ती उभी होती.

"तम्मा, एवढा भारा डोक्यावर दे."

"अज्जी, आज प्रभूचा दिवस. आम्ही काम करत नाही."

"मग काय करता?"

"शेजाऱ्यावर प्रीती करा, असं सांगतो."

"बरं, सांग की."

मी खरंच पुस्तक उघडून वाचलं. उन्हात उभं राहून तिनं सगळं ऐकलं. मग बांधाला टेकवत, गुडघा लावत, भारा एकटीनंच डोक्यावर घेतला.

"छान वाचतोस," ती म्हणाली. "आता सोमवारी ये."

परतताना नियम पाळल्याचं समाधान होतं. आता ते समाधान आठवलं, की एका जागी बसवत नाही. किती सोमवार गेले, आणि केलगेरी इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.