सोफ्यावरचा सासरा

काशीत दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत माझ्या सुनेची एक गोष्ट सांगितली जाते. जर्मनीत तिनं म्हाताऱ्या सासऱ्याला साधा पलंग दिला नाही, हिवाळाभर बैठकीतल्या सोफ्यावर झोपवलं आणि शेवटी तो बिचारा कंबर धरून काशीला परत आला, अशी ती गोष्ट. तो बिचारा म्हणजे मी. गोष्ट खोटी आहे. ती मी कधी तोंडानं सांगितली नाही, म्हणून इतकी वर्षं स्वतःला निर्दोष समजत आलो. ते समजणं आता पुरे झालं.

मी बँकेत नोकरी केली, पण वडील घाटावरचे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची क्रियाकर्मं ते करत. त्यामुळे मेलेल्या माणसाला काय काय लागतं हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी कळायचं. तेराव्याला शय्यादान असतं. गेलेल्याच्या नावानं अख्खा बिछाना ब्राह्मणाला द्यायचा. पलंग, गादी, उशी, चादर, पांघरूण, चपला, छत्री, उशाशी दिवा, पाण्याचा तांब्या. पुढच्या वाटेवर त्याला काही कमी पडू नये. सगळं कोरं आणि सगळं एकदम.

त्यावरून आमच्या घरात एक रीत पडली होती. जिवंत माणसाला कधी सगळा बिछाना नवा द्यायचा नाही. गादी नवी भरली तर उशी जुनी. चादर नवी आणली तर ती आधी दुसऱ्या कुणी तरी अंथरायची. माझ्या लग्नात नवा पलंग आला तेव्हा आईनं त्यावर स्वतःची विटकी गोधडी घातली होती. बायकोनं त्यावरून मला वर्षभर टोमणे मारले. ही रीत कुठल्या पोथीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात होती. दुसऱ्या कुणाला ती माहीत असायचं कारण नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. हे लक्षात ठेवा.

बायको गेल्यावर मुलानं मला त्याच्याकडे नेलं. सून नाशिकची, नोकरी करणारी, आणि तेव्हा तिला दिवस गेलेले. माझी कंबर दुखते म्हणून पहिल्या दिवसापासून त्या दोघांनी आपली झोपायची खोली मला दिली आणि स्वतः दुसऱ्या, रिकाम्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपू लागले. गल्लीतल्या गोष्टीत हे कुठंच येत नाही. पोट वाढत चाललेली पोरगी रोज सकाळी भिंतीला धरून जमिनीवरून उठत होती आणि मी आतल्या पलंगावर पडून चहाची वाट पाहत होतो.

शेवटी तिनंच ठरवलं, की रिकाम्या खोलीत माझ्यासाठी चांगला पलंग आणायचा. एका शनिवारी तिघं दुकानात गेलो.

ते दुकान मला पहिल्या पावलापासून आवडलं नाही. जगभर शाखा असलेलं, गावाबाहेर मोठ्या रस्त्याच्या कडेला, बाहेरून गोदामासारखं. आत शिरलं की बाहेर पडायची सोय नाही. जमिनीवर बाण काढलेले. ते बाण माणसाला आधी सगळं दुकान हिंडवून आणतात आणि मग पैशाच्या खिडकीशी सोडतात. रांगेतून रेटत जायची आम्हा काशीकरांना सवय आहे, पण आमच्याकडे रांगेच्या शेवटी निदान देव असतो. शिवाय माल स्वतः शोधायचा, स्वतः उचलायचा, घरी नेऊन स्वतःच ठोकायचा. सगळं गिऱ्हाईकानंच करायचं तर दुकानदार पैसे कशाचे घेतो, असं मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, हळू बोला."

"इथं मराठी कुणाला कळतंय?"

"मला कळतं ना."

वर मांडलेल्या खोल्या तर मला किळसवाण्या वाटल्या. छप्पर नाही, चौथी भिंत नाही. टीव्ही पुठ्ठ्याचा, खिडकीबाहेरचं आकाश कागदाचं. पलंग मात्र खरे, उशा-चादरींसकट तयार, आणि त्यांवर अनोळखी बायका-पुरुष बूट घालून लोळत होते.

"बाबा, जरा आडवे होऊन बघा ना," सून म्हणाली. "कंबरेला कसं वाटतं ते कळेल."

"चारचौघांत?"

"इथं सगळेच झोपतात."

"सगळे झोपतील. मी नाही."

मुलगा हसला. "मणिकर्णिकेवर चारचौघांत आडवे होणारच आहात ना? मग इथं काय लाजता?"

आमच्या गावात असल्या चितेच्या थट्टा बाप-लेकांत चालतात. मीच त्याला शिकवलेल्या. पण ती हसली, मनापासून, पोटावर हात ठेवून, आणि ते मला झोंबलं. तिथून पुढं मी प्रत्येक गोष्ट त्या मरणाच्या नजरेनं पाहू लागलो.

तिनं पलंग निवडला. मग गादी. मग उशी, दोन-तीन दाबून पाहून, माझ्या मानेकडे बघत. चादर. जाड पांघरूण. उशाशी ठेवायला छोटा दिवा, "रात्री उठलात तर अंधारात धडपडू नका." काचेचा तांब्या आणि पेला. घरात घालायच्या मऊ चपला. हातगाडीवर एकेक वस्तू चढत होती आणि मी मनात मोजत होतो. राहिली होती छत्री. पैसे द्यायच्या रांगेशेजारच्या टोपलीतून तिनं तीही उचलली.

"इथं पाऊस कधीही येतो, बाबा. तुमची वेगळी असू दे."

शय्यादानाची यादी पुरी झाली हे खरं. पण त्याच क्षणी हेही दिसत होतं, की ती हे सगळं मायेनं घेते आहे. दोन्ही एकदम दिसत होतं. त्यातलं कुठलं धरायचं ते माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी मुलानं ते लाकूड जोडलं. ती शेजारी बसून त्याला एकेक स्क्रू देत होती. मग तिनं अंथरूण घातलं, दिवा लावला, तांब्या भरला, पायथ्याशी चपला जोडीनं ठेवल्या आणि मला हाक मारली. "बाबा, डोळे मिटून या."

मी डोळे उघडले आणि म्हणालो, "मला जिवंतपणीच पोचवायचं ठरवलंय का?"

तिला कळलं नाही. "म्हणजे?"

इथं एक वाक्य पुरलं असतं. अगं, आमच्यात असं असतं, एखादी तुझी जुनी उशी आण म्हणजे झालं. ती धावत जाऊन घेऊन आली असती. मी ते वाक्य बोललो नाही. मी म्हणालो, "गोदावरीच्या काठावर वाढलीस आणि एवढंही माहीत नाही? आईनं काही शिकवलंच नाही वाटतं."

"बाबा, झालं काय?" मुलानं विचारलं.

"तिला विचार. तिनंच मांडलंय."

मी काशीहून नेलेली माझी गोधडी उचलली आणि बैठकीत सोफ्यावर जाऊन पडलो. त्यांनी पुन्हा आपली खोली देऊ केली, तीही नाकारली. तिनं तीनतीनदा विचारलं, की माझं काय चुकलं. मी म्हणायचो, "काही नाही. मी इथंच बरा." मला ठाऊक आहे, शिव्या परवडतात, पण हे "काही नाही" परवडत नाही. मला ते चांगलंच जमतं.

आता गोधडीचं सांगतो. काशीत आमच्या समोरच्या घरात माझ्या चुलतभावाची बायको राहते. तिला मी वहिनी म्हणतो. गल्लीत एखादी बातमी पोचवायची असेल तर वहिनींना सांगितलं की काम झालं. रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. सून रोज सकाळी माझी गोधडी घडी घालून कपाटात ठेवायची. रविवारी मी ती पुन्हा बाहेर काढायचो, सोफ्यावर पसरायचो, उशाशी औषधांच्या बाटल्या मांडायचो आणि मग फोन अशा बेतानं धरायचो की मागचं सगळं दिसावं.

"भाऊजी, हे पीछे काय? सोफा?"

"हो."

"तिथंच झोपता की काय?"

"चालायचंच, वहिनी."

"अरे राम! विलायतेत पलंग मिळत नाही का? बहूराणी कुठं झोपते?"

"आत. तिला दिवस गेलेत. तिला आराम हवा."

एकही शब्द खोटा नाही. बघा हवं तर तपासून.

एकदा बोलता बोलता मान वळवली तर सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पसरलेली गोधडी पाहिली, बाटल्या पाहिल्या, मला पाहिलं. आत गेली. त्यानंतर तिनं "माझं काय चुकलं" हे विचारणं बंद केलं. त्या खोलीतला पलंग मात्र तसाच अंथरलेला होता. ती त्यावरची धूळ झटकायची, तांब्यातलं पाणी बदलायची. बाळंतपणाच्या आधीच मी तिकीट बदलून परत आलो. वहिनींनी गल्लीच्या तोंडाशीच मला कंबर धरून येताना पाहिलं आणि "पोराच्या घरून हाकललं बिचाऱ्याला," असं जाहीर करून टाकलं. मी पायऱ्या चढत होतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

पुढं सुनेची आई काशीयात्रेला आली. एकटी बाई, नवरा नाही, मुलगा नाही, ही एकच लेक. आमच्याकडे उतरली. संध्याकाळी वहिनी येऊन बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या नाशकात व्याह्यांना सोफ्यावरच झोपवतात का हो? नाही, रिवाज असेल तर आपलं विचारलं."

बाईंना काही कळेना. वहिनींनी मग सगळं सांगितलं, माझ्या देखत. मी सुपारी कातरत होतो. कातरत राहिलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन म्हणून. मग त्या उठल्या, आणि सकाळी गंगेचं स्नान न करताच स्टेशनवर गेल्या.

त्या पुन्हा काशीत आल्या त्या गेल्या हिवाळ्यात, कलशातून. आपली क्रिया काशीतच व्हावी असं त्यांनी लेकीला सांगून ठेवलं होतं. एवढं होऊनही. मुलगा आणि सून जर्मनीहून नाशिकला गेले आणि तिथून अस्थी घेऊन इकडे आले. सून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या गल्लीत आली. उतरली मात्र हॉटेलात.

शय्यादान अहिल्याबाई घाटावर झालं. आता बाजारात सगळा सेट तयारच मिळतो. दशाश्वमेधाकडून हमालानं पलंग डोक्यावर आणला, गुरुजींनी अंथरूण घातलं. गादी, उशी, चादर, पांघरूण. उशाशी दिवा आणि तांब्या. पायथ्याशी चपला. सगळ्यात शेवटी त्यांनी छत्री उघडून कडेला टेकवली.

सून पाहत होती. छत्री उघडली तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांनी तिला उत्तर मिळालं होतं, आईच्या पलंगाशी उभं राहून.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत मागून वहिनींचा आवाज आला. "सासऱ्याला दिला नाही, आईला दिलास. चला, पलंग द्यायचा असतो हे कळलं तरी."

घाटावर गल्लीतली दहाबारा माणसं होती. गुरुजी थांबले. मुलगा पुढं झाला, पण मी त्याला हातानं अडवलं आणि बोललो. चढ्या आवाजात बोललो. वहिनी, तिनं पलंग आणला होता. यापेक्षा चांगला. मीच त्यावर झोपलो नाही. शय्यादानासारखा दिसला म्हणून मीच तिला टाकून बोललो, तिच्या आईचा उद्धार केला. तिची काही चूक नव्हती.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "भाऊजी, आप भी ना! बघा हो, बघा. एवढं भोगलं, तरी सुनेच्या चुकीवर पांघरूण घालतात."

"पांघरूण नाही वहिनी, खरं सांगतोय."

"तुम्ही असंच म्हणणार. आम्ही ओळखत नाही का तुम्हाला?"

गुरुजी म्हणाले, "असे सासरे मिळायला पुण्य लागतं." दोघातिघांनी माना डोलावल्या. एकानं तर माझ्या पायाला हात लावला. मी जितकं सांगत गेलो तितका मोठा होत गेलो आणि ती तितकी लहान.

विधी आटोपल्यावर पायऱ्या चढताना ती माझ्याजवळ येऊन थांबली. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"खरं बोलूनही तुमचाच फायदा झाला, बाबा."

"मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगतो."

"नको. देवच करून टाकतील तुमचा." ती थोडं थांबली. "तुम्ही लिहिता ना हल्ली आठवणी? मग हे लिहा. नुसतं पलंगाचं नको, ते कुणीही मोठ्या मनानं लिहील. गोधडीसकट लिहा. रविवारी कपाटातून काढून पसरायचात ते. आणि माझी आई तुमच्याकडे बघत होती ते."

मुलाच्या आणि तिच्या विमानाला वेळ होता, तरी ती घरी आली नाही. नातीला तिनं आणलंच नव्हतं.

म्हणून गोधडीसकट लिहिलं आहे. बाटल्यांचं तिनं सांगितलं नव्हतं, तेही घातलं, सुपारीचंही. वहिनी, तुम्हाला आता बारीक अक्षर दिसत नाही, पण कुणी तरी वाचून दाखवीलच. वाचून झालं की माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करू नका. आणि जे तिला बोललात ते मला बोला. मी समोरच राहतो.