गुणाजीकाकांचं मशीन

आमच्या लालबागच्या चाळीत गुणाजीकाका सगळ्यांचे पंखे नि मिक्सर फुकटात दुरुस्त करून द्यायचे आणि वर चहाही पाजायचे. गिरणीत ते सूत कातायच्या रिंग खात्यात फिटर होते. ब्याऐंशीचा संप सुरू झाला त्या दिवशी खात्याचा विजेचा खटका त्यांनीच खाली ओढला होता, आठ दिवसांत परत वर करू म्हणून. ती गिरणी काही उघडली नाही. पुढे सतरा वर्षं ते रे रोडला एका वखारीवर वॉचमन होते.

१९९९ साली त्यांच्या मुलीचं, नलूचं, काम अडलं. ती गिरगावातल्या शशिकांतरावांच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायची. शशिकांतरावांनी जागा आवरती घेतली आणि सांगितलं, स्वतःचा कॉम्प्युटर घे, काम घरी देतो. पण गुरुवारी पहिली पत्रिका फ्लॉपीवर हवी, नाहीतर काम दुसऱ्याकडे. तयार कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. मी दादरला क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचो, तेव्हा सुटे भाग आणून जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला निघालो तर काकाही पिशवी घेऊन तयार. मला वैताग आला. माझी यादी तयार होती: उंच चकचकीत कॅबिनेट, स्पीकर, सीडी ड्राइव्ह. काकांनी एकच विचारलं, यातलं पत्रिकेला काय लागतं? स्पीकर गेले, सीडी गेली, कॅबिनेट साधं पत्र्याचं आलं, मॉनिटर सेकंडहँड. वाचलेल्या पैशात रॅम दुप्पट बसली. पॉवर सप्लाय घेताना तर त्यांनी दोन हातांत दोन डबे धरले, नारळ निवडावेत तसे. मी स्वस्तातला हलका दाखवला.

"ह्यो पोकळ आसा, दत्ता," ते म्हणाले. "आत तांबाच नाय."

दुकानदाराने हसून जड डबा पुढे सरकवला. क्लासमध्ये शिकवणारा मी होतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

रविवारी जोडणी झाली, मशीन झकास चालू झालं, नलूने पत्रिका अर्धी जुळवलीसुद्धा. सोमवारी सकाळी मात्र बटण दाबलं तर काहीच नाही. कॅबिनेटवर ओलं गोणपाट पसरलेलं आणि जाळीतून पाणी थेट आत गेलेलं. रात्रपाळीला जाताना काकांनी ते घातलं होतं.

"खात्यात सुक्या हवेन सूत तुटायचा, ओलाव्यान मशीन बरा चालायचा," ते हळूच म्हणाले. "म्हणान मी भिजवून घातलंय."

मी त्यांना नको ते बोललो. आयुष्यभर मशिनं सांभाळलीत म्हणता, असंही बोललो. त्याची मला आजही लाज वाटते. ते बाहेर गॅलरीत जाऊन बसले. मी सगळे भाग सुटे केले, आणि शेजारच्या राधाकाकूंनी आपले पापड सरकवून त्या भागांना गॅलरीतल्या उन्हात जागा दिली. दोन दिवस काका कावळे हाकलत तिथेच बसून होते. मशीनला मात्र त्यांनी बोट लावलं नाही.

बुधवारी सकाळी मी सगळं पुन्हा जोडलं. चालू झालं नसतं तर नवे भाग घ्यायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. नलू बटणाजवळ गेली आणि थांबली. गॅलरीत जाऊन तिने काकांचा हात धरून त्यांना आत आणलं.

"बाबा, तुम्हीच दाबा."

काका नाही म्हणाले. मग त्यांनी हात धोतराला पुसले, दसऱ्याला खात्यात करायचे तसा मशीनला नमस्कार केला, आणि बटण दाबलं. आतला पंखा फिरला. पडद्यावर अक्षरं आली. नलू लगेच खुर्चीत बसून अर्ध्या राहिलेल्या पत्रिकेत नवरीचं नाव शोधायला लागली.

काका कॅबिनेटवर तळवा टेकवून उभे होते. हाताखालची घरघर त्यांनी बराच वेळ ऐकली.

"आठ दिवस जरा लांबले," ते म्हणाले.